सेकंडने मोजलेली माणसं

“माणसं मोजा रे!” सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या आमच्या फ्लॅटला कुलूप लावण्याआधी तो हे म्हणणार म्हणजे म्हणणारच. आम्ही भाडेकरू तिघंच, तो धरून. एवढ्याशा पॅसेजमध्ये एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे. तरी बोट फिरवून तो एक, दोन, तीन करायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. हॉकर सेंटरमधून जेवून उठतानाही तेच. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायचे, आम्हाला लाज वाटायची, त्याला नाही.

पूर्वी जहाजावर सेकंड इंजिनियर होता, म्हणून आम्ही त्याला सेकंडच म्हणत असू. आता बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करायचा. जहाज का सोडलंस, असं विचारलं की म्हणायचा, “असू दे.” या दोन शब्दांवर त्याने आमची दोन वर्षं बोळवण केली. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. विनोद करतो, वरणाला फोडणी घालतो, आणि एका प्रश्नाशी आलं की दार लावून घेतो.

स्वस्तातली विमानं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. व्हिएतनामची टूम त्यानेच काढली. तिसऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच पाठीला सॅक लावून निघालो. सैगॉनला उतरायचं आणि मिळेल त्या बसने उत्तरेकडे जायचं. मी नागपूरचा ऐसपैस माणूस. हा रत्नागिरीचा, तीन आठवड्यांसाठी दोन शर्ट घेऊन निघालेला.

पहिल्याच सकाळी सैगॉनच्या फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसलो. म्हातारीने नूडल्सच्या सूपचे तीन वाडगे आणले. मी दोन बोटं दाखवली. तिने आमच्यामधल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिसरा वाडगा त्या स्टुलापुढेच ठेवला. भाषेचा घोळ, दुसरं काय! आयतं आलंय तर सोडा कशाला, म्हणून मी वाडगा ओढायला गेलो, तर सेकंडने माझा हात धरला.

“असू दे. त्याचं आहे ते.”

मला वाटलं, थट्टा करतोय.

होई आनला लॉजच्या मालकिणीने तीन टॉवेल दिले. पुढच्या बसमध्ये तर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन उभी होती, पण आमच्या शेजारच्या सीटवर कुणी बसेना. मी एका आजीला खूण केली. तिने सीटकडे बघून हात जोडले आणि मागे सरकली. भर दुपारी, उघड्या खिडकीशी, माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

तेव्हा कुठे तो बोलला.

जहाजावर टाकीत उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला बाहेरच्या फळीवर अडकवायचा आणि वर आलं की स्वतःच काढायचा. त्या दिवशी दोघं उतरले होते. एक वर आला. सेकंड फळीकडे तोंड करून उभा होता. मागून दुसऱ्याचा, त्या व्हिएतनामी खलाशाचा, आवाज आला, “ओके, सेकंड.” सेकंडने दोन्ही बिल्ले काढले आणि झाकण लावायला सांगितलं.

“तो आतच होता रे,” सेकंड म्हणाला. “मग मला ओके कोण म्हणालं?”

त्या खलाशाच्या आईला सेकंडला खरं सांगायचं होतं. कंपनीने तिला नुसतं ‘अपघात’ असं कळवलं होतं. आमची सहल खरं तर हायफाँगजवळच्या त्या घरापर्यंतच होती. “तिने मारलं तरी चालेल,” तो म्हणाला. “पण तिला कळायला हवं.”

घर लहान होतं. मुलाच्या फोटोशेजारी बुद्धमूर्ती होती. मी सवयीने हात जोडून त्रिशरण म्हटलं, तशी त्याची म्हातारी आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या मुलीला इंग्रजी येत होतं. सेकंड जमिनीवर बसून सांगू लागला. बिल्ला, आवाज, झाकण, काहीही लपवलं नाही. हुंदक्यांनी त्याला धड बोलता येत नव्हतं. मुलीने ते सगळं दोन वाक्यांत आईला सांगितलं. म्हातारी हसली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

निघताना मुलीने मला दाराशी गाठलं. “मी आईला सांगितलंय, याचं भावावर फार प्रेम होतं. बाकी काही नाही. तिला सोसणार नाही. तुम्हीही मित्राला बोलू नका.” माझा ईमेल तिने लिहून घेतला. मी मान डोलावली.

हनोईत सूपवालीने आमच्यापुढे पुन्हा तीन वाडगे ठेवले. सेकंड मोकळा हसला. “चुकली बिचारी,” म्हणाला आणि तिसरा वाडगा माझ्याकडे सरकवला. मी त्याला हात लावला नाही. ज्या कामासाठी सेकंड आला होता ते झालंच नव्हतं, आणि त्या टेबलाशी ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. नाही, ज्याचा तो तिसरा वाडगा होता त्यालाही ठाऊक होतं.

सिंगापूरला परतल्यावर महिन्याभरात तो पुन्हा जहाजावर रुजू झाला. बंदराबंदरांतून मेल यायच्या: झोप छान लागते.

वर्षाने त्या मुलीची मेल आली. ‘आई आजारी आहे. तो माणूस एवढा रडत काय सांगत होता, हे रोज विचारायची. शेवटी मी सांगितलं. ती त्याला बोलावते आहे. म्हणते, त्याला सांग, मी वाट बघतेय.’

ती मेल पुढे पाठवायची, तर मी काय लपवलं तेही लिहायला हवं होतं. रोज लिहायला बसायचो आणि पुसायचो. नवव्या दिवशी दुसरी मेल आली. आई गेली होती.

सेकंडला यातलं काहीच माहीत नाही. जहाज सिंगापूरला लागलं की तो मला फोन करतो. मागच्या खेपेला दोन दिवस बंदरात होता. मी सिंगापूरमध्येच, चोआ चू कांगच्या नव्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसलो होतो. त्याला म्हटलं, “अरे, मी नागपूरला आलोय.”