दर्शनाला न गेलेली म्हातारी

पेटारा उघडला तेव्हा आत मूल होतं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, ओठ निळसर, डोळे मिटलेले. नाळ अजून पडली नव्हती, दोऱ्याची गाठ दिसत होती. मी तोंडापाशी गाल नेला. श्वास लागला नाही. पुन्हा नेला. तेव्हा अगदी बारीक, लागला न लागला असा लागला. मी मूल उचललं आणि त्याच्या तळपायावर टिचक्या मारायला लागले. पलंगावरची पोर भिंतीकडं तोंड करून पडली होती ती वळली. म्हातारी मात्र उंबऱ्यावर होती तिथंच बसून राहिली. तिनं मानसुद्धा वळवली नाही. ती मान मी विसरलेली नाही.

आता हे प्रकरण तिथवर कसं गेलं ते सांगते.

मी चौथी पास. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावर काही वर्षांनी पोलिसात बाया घ्यायला लागले, त्यात मी लागले. तुळजापूरच्या ठाण्यावर मी एकटीच बाई. बायकांची झडती आली, बायकांचं भांडण आलं, पळून आलेली पोर आली की मला हाक. एरवी हजेरी झाली की बाकावर बसायचं. फौजदार साहेब पुण्याकडचे. म्हातारी माणसं त्यांना निजामातल्या सवयीनं अजून अमीनसाहेब म्हणायची, त्याचा त्यांना राग यायचा.

यात्रा उरकून गेली होती. गल्ल्या रिकाम्या, नारळवाले दुपारी झोपा काढत होते. अशा दिवसांत लॉजवाले चाचा ठाण्यात आले. देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत त्यांचा लॉज होता. म्हणजे मालक दुसराच, चाचा नुसते बघायचे. इमारत निजामाच्या काळातली, जिना दगडी, वरच्या खोल्यांची छपरं पत्र्याची, भिंतींना हात लावला की चुना हाताला येई. गरीब यात्रेकरू तिथं रात्र काढून सकाळी दर्शन करून एसटीनं जात. आठवडाभर कुणी राहावं अशी ती जागाच नव्हती.

चाचांनी सांगितलं ते असं. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत सासू-सून उतरल्यात, आठवडा होत आला. सून आजारी म्हणून खाली येत नाही. सासू पाणी आणते, भाकरी आणते आणि दाराला आतून कडी घालते. झाडायला येऊ देत नाही. गाव जळकोटच्या पुढचं सांगतात, म्हणजे सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाण्याइतकं जवळ. आणि एवढ्या दिवसांत दोघींपैकी एकही देवळात गेली नाही.

"म्या मुसलमान," चाचा म्हणाले, "पण येता-जाता मीबी हात जोडतो. इथवर येऊन देवीचं तोंड बघत न्हाय असं माणूस म्या पैल्यांदाच बघितलं, साहेब."

साहेब हसले. "दर्शन न घेणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, चाचा?"

चाचा ओशाळले. पण साहेबांनी डायरीत नोंद घेतली आणि मला म्हणाले, "बाई, बघून या. पळवून आणलेली पोर असेल."

मला दुसरीच गोष्ट खटकली होती. तुळजापुरात प्रत्येक घराण्याचा पुजारी ठरलेला असतो, आज्यापणज्यापासून. माणसं त्याच्याच घरी उतरतात, तिथंच जेवतात. जळकोटकडची माणसं पुजारी सोडून लॉजवर पडतात, म्हणजे पुजाऱ्यानं आपल्याला बघू नये असं त्यांना वाटतंय.

मी साध्या लुगड्यात गेले. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती, दार निम्मं ओढलेलं. साठीची, अंगानं वाळकी, कपाळावर आडवं कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. म्हणजे देवीची मोठी भक्त. हे बघून मला जास्तच संशय आला. मागं सून पलंगावर. हातात नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या. खोलीत उदबत्त्यांचा एवढा धूर की डोळे चुरचुरले.

मी शेजारी टेकले. कुठल्या, कशा आलात, असं बोलणं काढलं. म्हातारी तोलून उत्तरं देत होती.

"दर्शन झालं का, आजी?"

"व्हईल की. सुनंची अडचण हाय."

"तिची असंल. तुमची काय अडचण?"

या वयाच्या बाईला ती अडचण नसते, हे मी सांगायला नको. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "सुतक पडलंय. चुलत दीर गेला."

"सुतकात यात्रेला आलात?"

"हितं आल्यावर कळलं."

"कुणी येऊन सांगितलं?"

तिनं दार आणखी ओढून घेतलं. चाचांना मी आधीच विचारलं होतं. त्या दोघींना भेटायला एक माणूस आलेला नव्हता, टपाल आलेलं नव्हतं. मी तिथंच बसून विचार केला. ही बाई देवळात जात नाही, कारण जायला तिला बंदी आहे. गळ्यातली माळ खोटी नाही, म्हणून बंदी पाळते. आणि घरून निघताना ती बंदी नव्हती, नाहीतर कवड्यांची माळ घालून ती तुळजापूरला निघालीच नसती. म्हणजे विटाळ इथं आल्यावर लागला. एक तर या खोलीत कुणी मेलं होतं, नाहीतर कुणी जन्मलं होतं.

झडतीला पंच लागतात. मी पंचांसाठी थांबले नाही, म्हातारीला ओलांडून आत शिरले. त्याबद्दल साहेबांनी नंतर मला चांगलंच सुनावलं. पलंगाखाली पेटारा होता. पुढचं वर सांगितलंच आहे.

सरकारी दवाखाना जवळ होता. मी मूल घेऊन भर गल्लीतून धावले आणि सगळ्या वाटेत त्या तळपायांवर टिचक्या मारत राहिले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघून सांगितलं, अफू दिली आहे. त्या काळी मुलांना निजवायला बाळगुटीत अफूचा वळसा देत, त्यामुळं ती घरोघर असायची. इथं वळसा नव्हता, ढीग होता. डॉक्टर म्हणाले, झोपू द्यायचं नाही, झोपलं की संपलं. दवाखान्यातली दाई आणि मी आळीपाळीनं ते मूल जागं ठेवत होतो. चिमटे काढले, गार पाण्यानं तोंड पुसलं. चाचांनी पोरीला खाटेवर घालून आणवलं. तिला ताप भरला होता. तिनं मला एकच विचारलं.

"रडलं का?"

अजून नव्हतं.

मी मूल दाईकडं दिलं आणि ठाण्यात आले. साहेबांनी म्हातारीला आणवून तिचा जबाब घ्यायला सुरुवात केली होती, आणि ती आता घडाघडा बोलत होती. सून विधवा. दोन वर्षांमागं मोठा मुलगा साप चावून गेला. सुनंनं घरच्या सालगड्याबरोबर शेण खाल्लं. अब्रू जाऊ नये म्हणून इथं आणली, बांगड्या भरल्या, कुंकू लावलं, आल्या रात्रीच बाळंतपण आपणच उरकलं. ओरडू नये म्हणून तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला होता, तेही तिनं सांगून टाकलं. मूल रडू नये म्हणून अफू सुनंनंच दिली म्हणे. साहेबांनी सालगड्याचं नाव लिहून घेतलं आणि त्याला उचलून आणायला दोन शिपायांना सांगितलं. त्या माणसाचं पुढं काय झालं असतं ते मला माहीत होतं. ठाण्यात आणलेल्या सालगड्याचं ऐकायची तेव्हा रीत नव्हती.

मी म्हटलं, "साहेब, जरा थांबा."

आणि म्हातारीला विचारलं, "आजी, सालगड्याच्या पोराचं सोयर तुम्ही कशाला धरता?"

सोयर म्हणजे जन्माचा विटाळ. तो आपल्या भावकीतलं मूल जन्मलं तरच लागतो, परक्याच्या मुलाचा लागत नाही. साहेबांना कळायला जरा वेळ लागला. म्हातारीला लगेच कळलं. तिनं गळ्यातली माळ चाचपली. मग मलाच वेड्यात काढल्यासारखं म्हणाली,

"घरातलं रगत हाय. इटाळ लागणारच की."

शिपाई सालगड्याऐवजी तिच्या धाकट्या मुलाला आणायला गेले. त्याचं लग्न ठरलेलं होतं, याद्या झाल्या होत्या. सगळा खटाटोप त्यासाठी. त्यानं आल्या आल्या आईकडं बोट दाखवलं. दवाखान्यात तहसीलदारांनी पोरीचा जबाब घेतला. दीर अंगावर आला तेव्हा तिनं सासूला सांगितलं होतं. सासू म्हणाली होती, बोललीस तर माहेरची वाट धर. माहेरी कुणी नव्हतं. अफू सासूनं दिली, माझे हात धरून दिली, असं ती म्हणाली. पुढं खटला उस्मानाबादला चालला, मायलेकांना शिक्षा झाली.

साहेब नंतर म्हणायचे की देवीनंच म्हातारीला पकडून दिलं. मला तसं वाटत नाही. देवीला पकडायचंच असतं तर तोंडात बोळा कोंबताना पकडलं असतं. म्हातारीला लेकराच्या तोंडात अफू घालताना देवीची भीती वाटली नाही, पण विटाळशा पायानं देवळाची पायरी चढायची वाटली. अशी माणसं मी पुढं पुष्कळ बघितली. तेव्हापासून चौकशीला गेले की माणूस काय करतं ते तर बघायचीच, पण आपल्या सवयीतलं काय करायचं टाळतं ते आधी बघायची. खोटं बोलायला माणूस लवकर शिकतं. पाळलेला नेम मोडायला शिकत नाही.

ते मूल संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला रडलं. दाईनं ते उचलून आईच्या कुशीत नेऊन ठेवलं. आईला तापात कितपत कळलं ते सांगता येत नाही, पण तिचा हात हलला.

त्याच आठवड्यात आई गेली. मूल मुलगी होती. ती जगली.