आधी गाव, मग दाढ

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिरोडी गावच्या सुनीतावर, माझ्या एकोणीस वर्षांच्या मावसबहिणीवर, बालाघाट शहरातल्या दातांच्या दवाखान्यात अन्याय झाला. तिची किडलेली दाढ काढावीच लागणार होती. पण डॉक्टरांनी न विचारता मागची निरोगी अक्कलदाढही उपटली आणि कचऱ्यात टाकली.

गावच्या लोकांना घेऊन मी या डॉक्टरांकडे नेहमी जातो. कडक इस्त्रीचा कोट, लाडिक आवाज, आणि तोंड उघडायला सांगण्याआधी ठरलेला प्रश्न: "कहाँ से आए, बेटा?" इलाज ठरतो तो त्या उत्तरावर. शहरातल्या एका ठेकेदाराच्या मुलीची दाढ गेली, तेव्हा त्यांनी तिचीच अक्कलदाढ काढून त्या जागी बसवली. तिचा हसरा फोटो भिंतीवर मिरवतोय.

सुनीतानं त्या फोटोकडे बोट दाखवलं. "साहेब, माही दाढ काहून फेकली? मलेही तशीच बसवून द्याची होती नं!"

डॉक्टर हसले. "गाँव वालों से संभलता नहीं, बेटा."

"तिरोडीत का दात घासत नाही कोनी?" तोंडात कापसाचा बोळा होता, तरी ती बोलली.

तिची दुसऱ्या बाजूची अक्कलदाढ अजून शाबूत आहे. ती रिकाम्या जागी बसवून मागायला शनिवारी सुनीता पुन्हा त्याच खुर्चीत बसेल. बाहेरच्या बाकावर तुम्ही असाल, तर तिच्यासोबत आत जा. गाव सांगू नका. आधी डॉक्टरांना विचारा: हिचीच दाढ हिला बसवाल की नाही?