मावशींचं मांजर

बाहत्तर साली आम्ही नवराबायको दोघंही बेलापुरात मास्तरकी करायचो, आणि दहा महिन्यांची लेक शेजारच्या मावशींकडे असायची. मावशींच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाकडे काय शिजलं, कोण कोणाशी भांडलं, सगळं मला संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यातच कळायचं. वर तक्रार, "बाई, तुमची पोर लई वांड हाय. आज माझी तपकीर सांडली."

लेकीचं पहिलं पाऊल आपल्याला दिसायचं नाही, ही माझी धास्ती मी त्यांना एकदाच बोलून दाखवली होती.

एके दिवशी त्यांच्या चुलीपुढे पाट आडवा लावलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "मांजर येतंय. दुधात तोंड घालतंय."

पुढच्या आठवड्यात मी दारात पाऊल टाकलं आणि लेक भिंत सोडून, चार पावलं टाकत, माझ्याकडे आली. मला रडूच फुटलं.

"अगं बया! चालली व्हय?" मावशींनी गालावर हात ठेवला. "तुमचीच वाट बघत हुती बघा!"

मी गल्लीभर गूळ वाटला. कोणालाच नवल वाटलं नाही. एक सून तर बोलूनच गेली, "आठ दिस झालं की!"

मांजर मात्र त्या घरात मला कधीच दिसलं नाही.