वजनावर घेतलेली डिस्क

माझ्या मुलीच्या सिनेमातून लोहाराचे हात गेले, ते माझ्यामुळे गेले. लोक मला समजावतात, "बुवा, मशीनचं काय सांगता येते? तुमचा काय दोष?" मशीनचा दोष नव्हता. काय झालं ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी तोंड पाडून समजावायला येणार नाही.

मी वाढई, म्हणजे सुतार. चौथीत शाळा सोडली आणि बापाच्या हाताखाली बैलगाडीची चाकं करायला बसलो. हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. चाक मी करायचो आणि त्यावर लोखंडी धाव चढवायचा आमच्याच गावचा लोहार. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते गवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, सांडशींनी उचलून लाकडावर बसवायचं, घण मारायचे आणि लाकूड पेटायच्या आत वरून पाणी ओतायचं. चुकलं तर माझी महिन्याची मेहनत कोळसा. त्याचं कधी चुकलं नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, ते वेगळं.

मुलगी नागपुरात नोकरी करायची. ती सोडली आणि सिनेमे काढायला लागली. मागे कोणी कंपनी नाही, पैसेवाला नाही. एक कॅमेरा, ती आणि तिची एक मैत्रीण. गावात आता सगळ्या गाड्यांना रबरी टायर. ती म्हणाली, बाबा, तुमचं शेवटचं चाक मी सिनेमात घेते. मी बाभूळ काढली, कामाला बसलो. लोहाराला सांगितलं तर तो दाढी करून, नवा शर्ट घालून आला. तिने त्याला तो काढायला लावला आणि रोजचं बंडी-धोतर घालून आणलं.

"घण मारताना मी कसा दिसतो, मले कधीच माहीत नाई पडलं पोरी," तो तिला म्हणाला. "झालं का मले दाखवजो."

"तुम्हालेच पयले दाखवीन काका," ती म्हणाली.

आता खरी गोष्ट. कॅमेऱ्यात नखाएवढी कार्डं असतात. ती भरली की त्यातलं डिस्कवर उतरवायचं आणि कार्ड पुसून पुन्हा वापरायचं. माझं बोलणं घेऊन घेऊनच तिची कार्डं भरली होती. मी बोलायला लागलो की थांबत नाही. परवा धाव चढणार आणि जुनी डिस्क पार भरलेली. नवी आणायला ती नागपूरला निघाली. मी म्हटलं, माझ्या चाकाचा सिनेमा, डिस्क मी आणतो, वर्ध्याला मिळते.

तिने कागदावर नाव लिहून दिलं. "बाबा, हीच आणजा. छोटी राहते, आत फिरणारं काई नसते, म्हणून पडली तरी मरत नाई. अन् दोन आणजा."

"दोन कायले?"

"एक बिघडली तं दुसरी. खरं म्हणजे तीन पाहिजे, अन् त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा लागते."

"एका चाकाले दोन धावा चढवते का कोणी?" मी म्हटलं. "चांगली चीज एकच घ्यावी."

मैत्रीण हसली. मुलगी हसली नाही.

दुकानदाराने कागद वाचला आणि बिस्किटाएवढी एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. वजनच नाही. सुक्या शेवग्याच्या शेंगेसारखी. आम्ही लाकूड कसं पारखतो? उचलून आणि वाजवून. हलकं म्हणजे आतून खाल्लेलं, पोचट. मी त्याला विचारलं, याच्यापेक्षा भरीव काही आहे का? त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि खालच्या खणातून दुसरी काढली. काळी, लोखंडी कवचाची, हातात घेतल्याबरोबर जाणवणारी. वर लिहिलेली जागा आठपट आणि किंमत अर्ध्याहून कमी.

मी एका हातात ही, एका हातात ती धरली. बोटाच्या पेराने वाजवली. काळीचा आवाज भरलेला.

"काका, पारखी हात हाये तुमचा," दुकानदार म्हणाला.

एवढंच त्याने केलं. बाकी सगळं मी केलं. बिल मागितलं नाही. आयुष्यात पटाशीचं बिल घेतलं नाही, याचं काय घ्यायचं? एस.टी.त येताना ती मांडीवर धरून बसलो होतो, लहान लेकरासारखी. ते आठवलं की आजही स्वतःच्या कानशिलात द्यावी वाटते.

मुलीने पाहिली आणि तिचं तोंड उतरलं. "बाबा, या नावाची मी कधी ऐकली नाई. वापस करून या."

"तू ऐकली नाई म्हणजे खराब?"

"एवढ्या पैशात एवढी जागा भेटतच नाई. यात काईतरी गडबड हाये."

"पन्नास वर्षं चीज पारखून राह्यलो मी. तू शिकवतं मले?"

त्या दुपारी मी जेवलो नाही. संध्याकाळीही नाही. ताट समोर आलं की उठून अंगणात जायचो. बाप उपाशी आणि उद्या सकाळी लोहाराकडे जाळ पेटणार, पोरीने काय करावं? तिने डिस्क लावली. माझं सगळं बोलणं तीत उतरवलं, एक-दोन ठिकाणी उघडून पाहिलं, ठीक होतं. मग कार्डं पुसली. मी तेव्हा भाकर खाल्ली, आणि वरून म्हणालो, "पाह्य, चालते ना?"

धाव अशी चढली की काय सांगू. लोहार सत्तरीचा, पण त्या दिवशी घण त्याच्या हातात काडीसारखा होता. पाणी पडलं, वाफेत तो दिसेना, नुसता घणाचा आवाज. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या. दुपारी ते सगळं काळ्या डिस्कवर उतरवलं. फायलींची नावं एकाखाली एक दिसत होती. घाई होती, दुसऱ्या दिवशी पवनारला धाम नदीवरून गाडी नेतानाचं घ्यायचं होतं. ती या वेळी उघडून पाहायची राहिली आणि कार्डं पुसली.

पावसाळ्यात लोहाराला लकवा मारला. उजवा हात गेला. दिवाळीनंतर मुलगी सिनेमा जोडायला बसली, तेव्हा कळलं. नावं होती, आत काही नव्हतं. माझं बोलणं सगळं शाबूत. त्याच्यानंतरचं काहीच उघडेना.

तिने नागपूरच्या एका माणसाला दाखवलं, मी सोबत होतो. त्याने स्क्रू काढून कवच उघडलं आणि ते तसंच उघडं माझ्यापुढे ठेवलं. आत एक छोटं कार्ड, आणि शेजारी गोंदाने चिकटवलेला बिडाचा जाड नट. वजन त्याचंच. कार्डात जागा थोडीशीच. ती भरली की पुढचं सगळं नुसतं गिळायचं, आणि नाव तेवढं दाखवायचं. कार्डांवर तोवर दहादा नवं चढलं होतं, तिथेही काही उरलं नव्हतं.

मुलीने त्या माणसाचे पैसे दिले आणि सगळं पिशवीत भरलं. ओरडली असती तर मी उलटून ओरडलो असतो. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

मी वर्ध्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडची नाई हे. बिल आहे का?" मी त्याच्या काउंटरवर नट आपटला, काच तडकली, चार माणसांनी मला बाहेर काढलं. त्याने काय होते? तो चोर होता, खरं आहे. पण चांगली वस्तू त्याने आधी माझ्या हातावर ठेवली होती. तिला नाही म्हणणारा मीच होतो.

मग लोहाराकडे गेलो. तो खाटेवर. सांगितलं सगळं, नट त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने तो अंगठ्याने चाचपून पाहिला.

"म्हणजे तुह्यं तोंड राह्यलं अन् माह्ये हात गेले," तो म्हणाला.

"हो."

"दोनदा गेले बे."

त्याची सून चहा घेऊन आली तर त्याने तिला परत पाठवलं. "याले चहा देऊ नको," म्हणाला. ते बरोबरच होतं.

पुढच्या आठवड्यात त्यानेच निरोप धाडला. गावात एका गोठ्यात पडलेल्या जुन्या चाकाची धाव ढिली झाली होती. ती कॅमेऱ्यापुढे पुन्हा चढवायची, तो खाटेवरून सांगणार, घण मी मारायचा. लाकडाच्या माणसाने लोहाराचा घण धरायचा नसतो, मी कधी धरला नव्हता. पण आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

या वेळी डिस्क घ्यायला मुलगी एकटी गेली. दोन आणल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, बिल घेऊन. घरी आणून आधी त्या खोट्या फायलींनी काठोकाठ भरल्या आणि एकेक वाचून तपासल्या. सगळा दिवस गेला. मी हात लावला नाही.

धाव चढली, पण कशी चढली विचारू नका. "उचल, अबे उचल! मुसळ हाये का ते? डावीकडून! लाकूड जळून राह्यलं, पाणी टाका कोणी!" खाटेवरून तो शिव्या देत होता, गाव जमा झालं होतं, पोरं हसत होती. तीन घण माझे हुकले. एक तर जमिनीत गेला.

आता जो तो मला सांगतो, बुवा, हे तर पहिल्यापेक्षा छान झालं, दोघंही दिसता. मला संताप येतो. छान कसं झालं? सिनेमात चाळीस वर्षं घण मारलेला माणूस खाटेवर बसला आहे आणि घण मारतो आहे एक अडाणी वाढई. त्याचं मारणं कसं होतं, ते तुम्ही कोणी पाहिलं नाही म्हणून छान म्हणता. त्यालाही ते कधी दिसणार नाही.

त्या दिवशी काम आटोपल्यावर लोहाराच्या सुनेने जेवणाची पानं मांडली. मुलीने दोन्ही डिस्क भरल्या होत्या, एक तिथेच त्यांच्या घरी राहायची होती.

"बाबा, चला जेवाले," ती म्हणाली.

"आधी उघडून दाखव."

"सगळं?"

"सगळं. दोन्हीतलं."

ती लोहाराच्या खाटेवर बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एकेक फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावत. भात निवून गेला, कोणी उठलं नाही. माझे तीन हुकलेले घण दोनदा दिसले, आणि दोन्ही वेळा त्याने मला तीच शिवी पुन्हा दिली.