दारावरची कडुलिंबाची डहाळी

कडुलिंबाचा ओला वास आला की मला नल्लकुंटा या तेलुगू वस्तीतलं आमचं दार आठवतं. लहानपणी मला कांजिण्या झाल्या होत्या. ताप, खाज, अंगभर पाण्याचे फोड. डॉक्टरांनी बजावलं होतं, कुणाला जवळ येऊ देऊ नका. घरात आजार आहे, लांब राहा, हे लोकांना कळावं म्हणून आईने दारावर कडुलिंबाची डहाळी बांधली. ती पाहून शेजारच्या तेलुगू मावशी दहीभात आणि आपल्या लेकीला घेऊन थेट आतच आल्या. “कांजिण्यांच्या रूपाने अम्मवारू घरी आलीय, देवीचं दर्शन नको का घ्यायला?” म्हणत त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आई “नको, नको” करत राहिली. पंधरा दिवसांनी त्यांच्या लेकीला फोड आले, तर ‘देवी आमच्याकडेही आली’ म्हणत मावशी आमच्याकडे प्रसाद घेऊन हजर! मी माफी मागायला हवी होती की हात जोडायला, हे मला आजही कळलेलं नाही.