गायरानातली तूर आणि माझं चाक

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं?

आमच्या गावच्या गायरानात भूमिहीन घरं कित्येक वर्षं पेरा करतात. ती जमीन त्यांच्या नावावर व्हावी म्हणून मी त्यांची संघटना बांधली. प्रत्येक बैठकीत माझं एकच पालुपद — पीक उभं तर कब्जा उभा, रान मोकळं सोडू नका. वर ऐटीत म्हणायचो, "ट्रॅक्टर आला तर पहिला मी आडवा होईन." बोलाचीच कढी, बोलाचाच भात. बोलायला काय जातं?

मग एक दिवस खरंच निरोप आला. गावातले बडे शेतकरी सकाळीच फुलोऱ्यातल्या तुरीवर नांगर फिरवणार होते. ट्रॅक्टर माझ्या सख्ख्या चुलत्याचा. पण भावकीचा आडोसा मी घेणार नाही — मी भ्यालो, बस्स. जळकोटच्या फाट्यावर मोटारसायकल लावली आणि चहा पीत बसलो. तो संपला, तर पुन्हा मागवला.

पोचलो तेव्हा सगळं निभावलं होतं. साठी ओलांडलेली कोंडाबाई, दुसऱ्यांच्या रानात खुरपणी करणारी, ट्रॅक्टरपुढं जाऊन बसली होती. तिच्या मागं बाया बसल्या, मग गडी. चुलत्यानं ट्रॅक्टर माघारी वळवला. आणि मी? घामाघूम, गाडी ढकलत आलेला. चाक बसलेलं.

"बगा, पंचर झालं तरी भाऊ ढकलीत आले," कोंडाबाई म्हणाली. "लई जिवाचा माणूस." तिनं स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं. मी ते प्यालो.

संघटनेत नवं कुणी आलं की ही गोष्ट अजून सांगतात. मी शेजारी बसून ऐकतो. लाज वाटते — पण खरं सांगू? आधी गोड लागतं.

यंदा सरकारी मोजणी होऊन गेली. तूर पुन्हा कमरेला लागलीय. बैठकीत आता कोंडाबाईच बोलते, मला म्हणते, "भाऊ, तुमी बसा, आमी सांगतो." ऐकताना ऊर भरून येतो. हे रान आता त्यांच्या हातून सुटत नाही. ते माझ्यामुळं राखलं गेलं नाही, एवढंच.

चाकात खिळा नव्हता. रानाच्या अलीकडं, ओढ्यापाशी थांबून हवा मीच सोडली होती.

परवा बैठक आहे. कोंडाबाईसमोर हेच सांगणार आहे — उभा राहून.