बाई कुठे गेली

सत्तरच्या दशकात वाशीमच्या आठवडी बाजारात मी जुन्या विळ्या विकायचो. मोडवाल्याच्या भंगाराच्या ढिगातून पाती निवडायची, रॉकेल आणि विटेच्या भुग्याने गंज काढायचा, सुताराकडून नवा पाट बसवून घ्यायचा, धार लावायची. काम बरं होतं, डोकं लागत नसे.

गिऱ्हाईक बाया दोन गोष्टी विचारायच्या. पेठेतल्या जैन बाया आधी विचारत, हिच्यावर मटण कापलं का? दुसरा प्रश्न सगळ्याच जणी विचारत: हिची बाई आहे ना? मेलेल्या बाईची विळी कोणी घरात नेत नसे. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "बाई मुलाकडे गेली." मुलाकडे गेलेल्या बाया गावात इतक्या झाल्या, की कोणाला तरी शंका यायला हवी होती.

एका पावसाळ्यात माझी बायको गेली. तेराव्याला एका पुढाऱ्याने भाषण केलं. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळं चांगलंच बोलला. मला रडू आलं नाही. मी मंडपाच्या बांबूंच्या गाठी बघत होतो.

पुढे आईने माझ्यासाठी नवी सोयरीक काढली. पाहुणे येणार म्हणून बायकोची विळी माझ्यासमोर ठेवली. "नव्या पोरीले हे रोज डोयापुढे कायले? इकून टाक."

ती साफ करायला वेळ लागला नाही. रोजच्या वापरातली होती, गंज नव्हताच. बाजारात इतर विळ्यांसोबत मांडली.

मेडशीकडची एक बाई बसली. अंगठ्याने धार पाहिली, पाट हलवून पाहिला.

"पोरीच्या रुखवतात ठेवाची हाय. कोनाच्या घरची, भाऊ?"

"आमच्याच."

"अन् बाई?"

ठरलेलं वाक्य तोंडात तयार होतं. दर बाजाराला म्हणायचो तसं म्हणायचं, बस.

"गेली," मी म्हणालो.

"कुठी?"

"वारली."

तिने विळी हळूच खाली ठेवली. "मंग इथं कायले मांडली, बापा? घरी ने." मग माझ्याकडे न बघता शेजारची, मुलाकडे गेलेल्या बाईची विळी उचलली आणि घेऊन गेली.

संध्याकाळी आईने पिशवीत डोकावून पाहिलं.

"काहून नाई इकली?"

"बाईनं इचारलं."

"दर बाजारी इचारतात. तुले बोलता येत नाई?"

मी विळी पिशवीतून काढून चुलीपाशी ठेवली.

"पाहुन्याईले निरोप धाड," आई म्हणाली. "म्हन, सद्या नोका येऊ."

मग ती त्याच विळीवर बसली आणि गवार चिरायला घेतली. मी हातपाय धुऊन आलो आणि भाकरी झाल्या का ते विचारलं.